बाजीरावांचं लॉगिन

इच्छापोरच्या एका कापड रंगवणाऱ्या डाइंग मिलमध्ये वृषाली नवा सर्व्हर बसवत होती. आता कुठलाही वाल्व उघडण्याआधी मशीन या सर्व्हरला विचारणार होतं, की माणूस कोण आणि त्याला परवानगी आहे का. जुन्या यादीत तिला वडिलांचं नाव दिसलं, बाजीराव. चार वर्षांपूर्वी भलत्या वेळी वाफेचा वाल्व उघडला गेला आणि एक कामगार भाजला. नोंद त्यांच्या लॉगिनची होती, म्हणून मिलने त्यांना काढलं. वृषालीने ते नाव उडवलं.

पाचच मिनिटांत बॉयलर चालवणाऱ्या हितेशचा फोन आला.

"मॅडम, जल्दी करा! प्रेशर चढतंय आणि वाल्व उघडत नाहीये. परवानगी नाही म्हणतंय!"

"अरे, मग तुझ्या लॉगिनने उघड ना!"

"माझं कुठंय? आम्ही सगळे पहिल्यापासून बाजीरावकाकांच्याच लॉगिनवर चालवतो."

तिने बाबांचं नाव यादीत परत टाकलं. वाल्व उघडला, प्रेशर उतरलं.



"पोरी, तो माणूस भाजला तेव्हा मी तिथं नव्हतोच," असं बाबा सांगत राहिले होते, आणि "सिस्टीम खोटं बोलत नाही," असं तिनेच त्यांना सुनावलं होतं.