पंगतीतलं दही

“वहिनी, रस्सा फर्मास झालाय, पण तिखटजाळ हो! जरा दही वाढता का?”

सिपोराबाईंच्या हातातला पळा थबकला.

ज्यूंच्या स्वतंत्र देशासाठी पाठिंबा मागायला पॅलेस्टाईनहून आलेला दूत मुंबईत त्यांच्याच घरी उतरला होता. इथे तो जे बोले, ते दुसऱ्या दिवशी इंग्रजांच्या हेरखात्याला ठाऊक! घरच्यांचा संशय गेला तो बाईंच्या धाकट्या भावावर, कारण दानियल पोलीस कचेरीत नोकरीला. बाईंनी त्याच्याशी बोलणंच टाकलं होतं; आजही तो पंगतीच्या टोकाला बसला होता. दही मागणारा हा पाहुणा मात्र “मी नागावचा, आपल्यातलाच” म्हणत रोज दूताशेजारी मांडी घालून बसायचा.

आणि आपल्यातला माणूस मटणावर दही मागतो? ज्यूंच्या घरात मांस आणि दूधदुभतं एका पंगतीत कधीच येत नाही, हे त्यांच्यातलं शेंबडं पोरही जाणतं.

“दही संपलं बघा,” बाई हसून म्हणाल्या. छातीवरचा धोंडा उतरला होता. मग दूतासाठी राखून ठेवलेली मटणाची नळी त्यांनी उचलली आणि भावाच्या ताटात वाढली.

“चोखून खा रे, दान्या!”