शांताबाईंचा पाळणा

"आजी, ह्या पाळण्यात तुमची किती मुलं झोपली?"

इरावतीने सहज विचारलं. परळच्या त्या छोट्याशा इतिहास मंडळात ती गिरणगावातल्या घराघरांतून येणाऱ्या वस्तूंची नोंद करायची. वरळीच्या बीडीडी चाळीतली माणसं टॉवरमध्ये राहायला जात होती. जाता जाता कुणी ना कुणी काहीतरी आणून देत होतं. आज शांताबाई आपला सागवानी पाळणा देऊन टाकायला आल्या होत्या. तो उचलून पहिल्या मजल्यावर आणणारा पन्नाशीचा गौतम भिंतीला टेकून घाम पुसत होता.

"मला मूल झालं नाही," शांताबाई म्हणाल्या.

"अय्यो, सॉरी आजी..."

"सॉरी कसलं गं! लग्न झालं त्याच महिन्यात आमच्या ह्यांनी लालबागच्या सुताराकडून करून आणला. गिरणीत सगळे ह्यांना चिडवायचे, आनंदाला भारी घाई! खूप वर्षं वाट बघितली. मग एकदा शेजारच्या खोलीतलं पोर काही केल्या झोपेना. हे उठले आणि सरळ पाळणा नेऊन तिकडे टांगला. असा राग आला होता मला! बोललेच नाही त्यांच्याशी. पण मग मीच जायला लागले झोका द्यायला." त्या हसल्या. "घरातलीच वस्तू लागते ना तुम्हाला? चालेल ना हा?"

"चालेल काय, धावेल! फक्त वस्तूशेजारी आम्ही त्या घरच्या माणसांचा फोटो लावतो. आमची सलोनी काढेल आत्ताच."

भिंतीवर असे बरेच फोटो होते. मुलं, सुना, नातवंडं. शांताबाईंनी ते नीट बघितले. पदर सारखा केला.

"मग माझा एकटीचाच काढा. घरचं असं आता कुणी नाही."

"काकी!" गौतम ताडकन म्हणाला. "मी काय हमाल म्हणून आलोय?"

तो खिडकीपाशी गेला. टेम्पोबरोबर आलेली चाळीतली मंडळी खाली टपरीवर चहा पीत होती.

"ए, ग्लास ठेवा रे आधी! वर या! काकी म्हणते, तिला घरचं कुणी नाही!"

जिना धडधडला. टक्कल पडलेले, केस रंगवलेले बाप्ये, कडेवर नातू घेतलेल्या बाया. खोली भरली, मग जिना भरला. अखेर पाळणाच खाली फुटपाथवर न्यावा लागला. शांताबाईंना मधोमध खुर्ची दिली. त्यांच्या शेजारची जागा मात्र गौतम कुणाला देईना. "तुम्हा सगळ्यांच्या आधी मी झोपलोय ह्यात," तो भांडत होता. शांताबाई डोळे पुसत होत्या आणि हसून हसून खोकतही होत्या.

सलोनी कॅमेरा घेऊन मागे मागे सरकत होती. शेवटी इरावतीने हात दाखवून एक बस थांबवली, सलोनी रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथवर गेली, तेव्हा कुठे शांताबाईंच्या घरची माणसं एका फोटोत मावली.