डिशची सावली

पुन्हा तेच. पडद्यावर लाल अक्षरं, चंद्रपूरच्या सर्व्हरशी संपर्क नाही. अश्वजितने पुन्हा बटण दाबलं.

पलीकडच्या खोलीत बायना बाळंत झाली होती आणि रक्तस्राव थांबत नव्हता. तिला सिकलसेल, रक्ताचा जन्मजात आजार. तिच्या रक्ताचा रिपोर्ट चंद्रपूरच्या लॅबमधल्या कॉम्प्युटरवर तयार होता. पण या जंगलातल्या दवाखान्याच्या कॉम्प्युटरवर उतरेल तेव्हा खरं! तो डोळ्यांनी पाहिल्याशिवाय डॉक्टर रक्ताची पिशवी लावणार नव्हते. फोनवर नुसतं बोलणं जाई, तेही तुटत तुटत. तेवढ्यावर रक्त चढवायचं म्हणजे जिवाशी खेळ.

अश्वजित या कॉम्प्युटरांच्या देखभालीवर होता. त्याने वायरी उपसून पुन्हा खोचल्या, राउटर बंद करून चालू केला, पासवर्ड तपासला. सगळं ठीक.

"इकडून काहीच अडलं नाई रे!" लॅबमधली साक्षी फोनवर ओरडत होती. "तुझंच मशीन दिसून नाई राह्यलं!"

दारात बायनाचा बाप मुखरू उभा होता. मघापासून तिथंच.

"साहेब, आलं का जी?"

"येते भाऊ, येते," अश्वजित म्हणाला. त्याला मुखरूकडे बघवेना.

आता राहिली फक्त टॉवरवरून इंटरनेट पकडणारी छतावरची डिश. तो धावतच जिना चढला आणि थबकला. सगळं छत मोहफुलांनी भरलेलं, छान पसरून वाळत घातलेली. आणि डिश टॉवरकडे तोंड करायचं सोडून खुशाल चिंचेच्या झाडाकडे बघत होती!

"अबे, कोन्या शहाण्यानं फिरवली हे?" त्याचा संताप संताप झाला.

मागून आलेल्या नर्स नीलाबाई खाली बघत म्हणाल्या, "मुखरूनं. फुलायवर सावली पडून राह्यली होती ना. बायनाच्या बाळंतपणाच्या लाडवाची फुलं हायेत ते."

अश्वजितने दोन्ही हातांनी डिश वळवायला घेतली. नीलाबाई खाली पळाल्या. इकडे जरा, तिकडे जरा. मग खालून हाक आली, "आला! रिपोर्ट आला!"

पिशवी लागली. दिवस कलता कलता बायनाने पाणी मागितलं. मुखरू डोळे पुसत बाहेर आला, अश्वजितसमोर हात जोडून उभा राहिला.

"का बिघडलं होतं जी, साहेब?"

नीलाबाईंनी अश्वजितकडे बघितलं.

"आमचं चंद्रपूरचं मशीन, भाऊ," अश्वजित म्हणाला. "तुमच्या पोरीले लय तरास झाला. माफ करजा."