मुक्या लेकरांचा घास

मेलेला नारंगी मासा जाळीत घेऊन मकरंद वडिलांसमोर उभा राहिला. "अण्णा, सकाळपासून कितीदा खायला घातलंत? उरलेलं कुजतं आणि टाकीतल्या खाऱ्या पाण्याचं विष होतं. किती वेळा सांगू?"

"मी? मी तर आज डब्याला हातसुद्धा लावला नाही."

अण्णा खोटं बोलत नव्हते, घातलेलं विसरत होते; म्हणून तर मकरंदचा जीव आणखीच मेटाकुटीला येई. त्याने खाण्याचा डबा कुलपात ठेवला. तेव्हापासून अण्णा ताटावरून उठू लागले. "मुकी लेकरं काचेआड उपाशी, अन् मी भाकरी मोडू?"

शेवटी वैतागून मकरंदने टाकीखालच्या कपाटात दुसरी काचपेटी बसवली, वर दिवा लावला आणि आत समुद्री शेवाळ सोडलं. टाकीतलं पाणी त्यातून फिरू लागलं. कुजक्या खाण्यातून पाण्यात जे विष उतरे, त्यावरच शेवाळ पोसू लागलं. डबा पुन्हा बाहेर आला. अण्णा घालत राहिले, मासे तगले, आणि शेवाळ असं फोफावलं की दर रविवारी कापूनही पेटीत मावेना.

एकदा अण्णा वाकून कपाटात डोकावले आणि कडाडले, "अरे, हे काय रान माजू दिलंयस! घरात म्हणून लक्ष नाही तुझं. अन् वरती बघ, मासे सकाळपासून उपाशी!"

मकरंदने दात-ओठ खाल्ले. मग डब्याचं झाकण उघडून दिलं.

"घाला, अण्णा."