मिस्टर कुठे?

दुसऱ्या दिवशी सकाळी जीपने घाटापलीकडे निघायचं होतं, म्हणून ती उत्तरेकडच्या त्या थंड गावात लोकरीचे मोजे घ्यायला गेली. "एकट्याच आलात? मिस्टर कुठे?" दुकानातल्या बाईंनी विचारलं. सकाळपासून हेच विचारून लॉजवाल्याने, चहावाल्याने आणि जीपवाल्यानेही तिचं डोकं उठवलं होतं. एकदाची कटकट मिटावी म्हणून ती बोलून गेली, "वारले ते."

बाईंच्या हातातलं विणकाम थांबलं. "माझेही गेले. दोन वर्षं झाली," म्हणत त्यांनी तिला शेगडीजवळ बसवलं आणि नुकताच विणून झालेला मफलर तिच्या गळ्यात घातला. "असू द्या. आपलं दुःख आपल्यालाच ठाऊक."

तेवढ्यात तिचा फोन वाजला. नवराच होता.

"मुलगा का? घ्या, घ्या. काळजीत असेल," बाई म्हणाल्या.

"हं, बोल बाळा," ती कशीबशी म्हणाली.

"बाळा?" नवरा घाबरलाच. "अगं, बरं नाही का तुला? मी येऊ का तिकडे?"

इकडे बाई डोळे पुसत तिच्या मफलरची गाठ नीट करत होत्या. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.