अँग्रीच्या पुढे काय?

कॅशियरने बायकोचं शिवणाचं मशीन तिला न विचारता आपल्या बहिणीला देऊन टाकलं आणि घरात अबोला सुरू झाला. आधी तोंड उघडेल तो हरला, असा त्या घरचा रिवाज. त्यामुळे दोघंही मीठसुद्धा लेकीमार्फत मागत होती.

जेवताना लेकीने विचारलं, "बाबा, 'आई बाबांवर रागावली आहे' हे इंग्रजीत कसं म्हणायचं? 'अँग्री'च्या पुढे काय लावू?"

बायको इंग्रजीची शिक्षिका. चुकीचं इंग्रजी कानावर पडलं की तिला घास गिळवत नाही, हे कॅशियर पुरतं ओळखून होता. त्याने मुद्दाम आवाज चढवला.

"सोप्पंय गं! 'वर' म्हणजे 'ऑन'. मदर इज अँग्री ऑन फादर!"

"अहो, ऑन काय ऑन!" बायको कडाडली. "माणसावर रागावलं की 'विथ' लावतात! पोरीला नापास करता का?"

"बोललीस! हरलीस!" कॅशियरने टाळीच वाजवली. "आता मशीनचं नाव काढायचं नाही!"

बायको हसू दाबत पाणी आणायला आत गेली.

लेक हळूच म्हणाली, "बाबा, इंग्रजीचा पेपर कधीच झाला. हे तुम्हालाच विचार, मला बोलायला निमित्त हवंय, असं आईने सांगितलं होतं."