गुंडीने आणलेला विंचू

पायपुसण्यावर आज पुन्हा काहीतरी पडलं होतं. कल्पनाने खांद्यावरची पर्सही उतरवली नव्हती. ऑफिसच्या बसमध्ये उभं राहून पाय भरून आलेले, त्यात वीज गेलेली, अंधारात जिने चढून ती दारापर्यंत पोहोचली होती, आणि समोर हे. बोटाच्या पेराएवढा एक चिमटा. कडक, लालसर, टोकाला काळा. शेजारी गुंडी मांजर पंजा चाटत बसली होती, शाबासकीची वाट बघत असल्यासारखी.

"रुचिरा, टॉर्च आण."

रुचिरा टॉर्चही घेऊन आली आणि जीवशास्त्राचं पुस्तकही. ती नववीत होती आणि तिला या सगळ्यात भलतीच मजा येत होती. आधी गुंडीने सांध्यासांध्यांचा एक पाय आणला होता. मग कवचाचा तुकडा. आता हा चिमटा. "छिपकली नाही, पक्षी नाही, झुरळ तर बिल्कुल नाही," ती म्हणाली. "विंचूच आहे, आई. आणि चिमटाच एवढा, तर अख्खा केवढा असेल, सोच ना यार."

कल्पनाला तेवढंच सोचायचं नव्हतं. ती पुण्याच्या शाकाहारी घरात वाढलेली. चिमटेवाला प्राणी म्हटलं की तिला एकच आठवायचा, वर्तमानपत्रातल्या वृश्चिक राशीच्या चौकोनातला. तिने खाली जाऊन चौकीदाराला विचारलंही होतं. त्याने इमारतीमागच्या मैदानाकडे बोट दाखवलं. तिथे नव्या टॉवरसाठी रात्रंदिवस खोदकाम चालू होतं. "बिच्छू ही होगा मैडम. ज़मीन खुदेगी तो बेचारा जाएगा कहाँ?"

तेव्हापासून घरातल्या प्रत्येक उंबऱ्यावर झुरळं मारायच्या खडूची रेघ होती. मोरीच्या भोकात फडकं कोंबलेलं. बूट झटकून घालायचे, चादर झटकून झोपायचं. नवरा, राजीव, कंपनीच्या कामासाठी अमेरिकेत जाऊन बसलेला. तो रविवारी फोनवर सांगायचा, "पेस्ट कंट्रोल करून घे ना." जसं काही ते करायला घरी कुणी रिकामं बसलं होतं.

खरी काळजी सासूबाईंची होती. भानुमतीबाई वेंगुर्ल्याच्या. बसायच्या जमिनीवर, झोपायच्या जमिनीवर, पलंग म्हटलं की त्यांची पाठ दुखायची. कल्पना रोज दुपारी ऑफिसातून फोन लावायची. घंटा वाजून वाजून बंद व्हायची. संध्याकाळी विचारलं की त्या म्हणायच्या, "डोळा लागला होता."

आताही त्या सुपली घेऊन आल्या. टॉर्चच्या उजेडात त्यांनी चिमट्याकडे एकदाच पाहिलं, आणि रुचिरा "आजी, थांब, मला ठेवायचाय तो" म्हणेपर्यंत तो केराच्या डब्यात गेलासुद्धा.

"आई, तुम्हाला भीती कशी वाटत नाही?"

"मांजराची जात. कुठून काय उचलून आणेल, त्याला काय घाबरायचं?"

जेवायला दुधी होता. सासरे गेल्यापासून भानुमतीबाईंनी मासे सोडले होते, त्यामुळे घरात सगळ्यांना एकच भाजी, दुधी नाहीतर टिंडे. त्यांनी अर्धी पोळी खाल्ली आणि ताट सरकवलं. हल्ली रोजचंच होतं ते. कल्पना त्यांच्याकडे बघत राहिली. बाई बोलून दाखवत नाहीत, पण धास्तीने जेवण तुटलंय यांचं. दिवसभर एकट्या, त्या विंचवांच्या घरात. वरच्या मजल्यावर सेनांची आई, सगळ्यांची माशीमा, म्हणजे मावशी, तेवढीच काय ती सोबत. तीही यांच्यासारखीच विधवा. गच्चीत कपडे वाळत घालताना एक मराठीत बोलायची, दुसरी बंगालीत, आणि दोघी माना हलवायच्या. असल्या सोबतीने विंचू थोडाच पळणार होता?

कल्पना नुकतीच टीम लीडर झाली होती. त्याचे पेढेही अजून ऑफिसात वाटून झाले नव्हते. पण आता तिच्यात त्राण उरलं नव्हतं. तिने ताटं गोळा केली, ओट्याला टेकली आणि म्हणाली, "आई, मी सोमवारी राजीनामा देते. घरीच राहते."

भानुमतीबाई भांडी विसळत होत्या. त्यांचा हात थांबला.

"नको गो. नोकरी सोडायची नाही."

"आणि तुम्हाला काही चावलं तर? दुपारी तुम्ही फोन उचलत नाही, तेव्हा माझा जीव जागेवर नसतो."

"मी घरात असले तर उचलेन ना."

"म्हणजे? कुठे असता?"

"वर. माशीमाकडे." त्यांनी नळ बंद केला. "आणि तो विंचू नाही. कुर्ली आहे. खेकडा. रविवारी तिचा मुलगा बाजारातून आणतो, त्याचं कालवण उरतं फ्रिजमध्ये. ही गुंडी येते मागोमाग आणि ताटातलं पळवते."

कल्पनाने केराच्या डब्याचं झाकण उघडून पाहिलं. आतल्या खोलीत रुचिराने पुस्तक मिटल्याचा आवाज आला.

"पण आई, तुम्ही तर सोडलंत ना? आणि माशीमा... त्यांच्यातही विधवा बायका मासळीला शिवत नाहीत म्हणे."

"ती तिच्या सुनेसमोर शिवत नाही. मी तुझ्यासमोर." भानुमतीबाईंनी पदराला हात पुसले. "तिची सूनही जाते नोकरीला. आता तुम्ही घरी बसायला लागलात, तर आम्ही खायचं कधी?"